प्रवाळांची नमुना पाहणी
(भाषणाचा मजकूर)



सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकाळ, उथळ समुद्रात प्रवाळांची वस्ती आहे. १९८७ साली हा परिसर मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. प्रवाळ हा शोभेचा दगड नव्हे, तो सजीव आहे. त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवले त्याला अन्न पुरवितात. पाण्याचे तापमान काही आठवडे नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी अधिक राहिले, तर ही शैवले बाहेर टाकली जातात व प्रवाळ पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. १९९८, २०१० व २०१४ ते २०१७ या काळात जगभर विरंजन झाले. चौथे २०२३ मध्ये सुरू झाले.

अशा वेळी जिवंत प्रवाळ किती उरले, हे नेमके कळणे अगत्याचे ठरते. चुकीच्या आकड्यावर बंदी आली, तर मच्छीमाराच्या पोटावर पाय येतो. चुकीच्या आकड्यावर मोकळीक मिळाली, तर माशांचे आश्रयस्थानच नष्ट होते.

सारा समुद्रतळ मोजणे शक्य नाही. म्हणून नमुना पाहणी करावी लागते. पीक कापणी प्रयोगांमुळे ही पद्धत ग्रामीण भागास परिचित आहे. या प्रयोगांना शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रगण्य होते. कापणीचा तुकडा फार लहान घेतल्यास सीमेवरील रोपे आत धरली जाऊन उत्पन्न फुगून दिसते, हे त्यांनी दाखवून दिले. समुद्रतळावर ठेवलेल्या चौकटीच्या कडेवरील प्रवाळालाही तोच न्याय लागू पडतो. काय आत धरावयाचे, याचा नियम आधीच ठरलेला हवा.

पहिले पथ्य जागेच्या निवडीचे. पाणबुड्याने सुंदर जागा निवडली, तर आकडा सुंदरच येणार. नकाशावर चौकोन आखून, त्यांना क्रमांक देऊन, यादृच्छिक अंकांनी निवड करावी.

दुसरे पथ्य स्तरांचे. समजा, क्षेत्राचा ७० टक्के भाग उथळ असून तेथे जिवंत प्रवाळ १० टक्के आहे. उरलेल्या ३० टक्के उतारावर ते ४० टक्के आहे. साधी सरासरी २५ येते. क्षेत्रानुसार भार दिल्यास खरे उत्तर १९ टक्के येते.

तिसरे पथ्य नमुन्यांच्या संख्येचे. एकाच मोजफितीखालचे शंभर बिंदू म्हणजे शंभर स्वतंत्र नमुने नव्हेत. शेजारचे बिंदू एकमेकांसारखेच असतात. एकाच ठिकाणी अधिक बिंदू मोजण्यापेक्षा अधिक ठिकाणी फिती टाकणे हितावह. मात्र त्रुटी निम्मी करावयाची, तर नमुने चौपट लागतात. म्हणून किती टक्के घट ओळखावयाची आहे, हे आधी ठरवून मगच खर्चाचा अंदाज करावा.

चौथे पथ्य सातत्याचे. दरवर्षी तोच हंगाम व तीच पद्धत असावी. दोन निरीक्षकांनी एकच पट्टा स्वतंत्रपणे मोजून ताळा घ्यावा. अन्यथा माणूस बदलला तरी प्रवाळ बदलल्याचा भास होतो.

ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळभित्तीवर अशी पाहणी दीर्घकाळ चालू आहे. तेथे नौकेमागून ओढला जाणारा निरीक्षक दर दोन मिनिटांनी नोंद करतो. २१४ प्रवाळभित्तींवरील २,२५८ पाहण्यांच्या आधारे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, १९८५ ते २०१२ या काळात जिवंत प्रवाळाचे आच्छादन २८ टक्क्यांवरून १३.८ टक्क्यांवर आले. वादळे, प्रवाळभक्षक तारामासे व विरंजन ही कारणेही वेगळी करता आली. वर्षानुवर्षे एकाच रीतीने नोंदी ठेवल्याचे हे फळ होय.

किनाऱ्यावरील पंचायतींपुढे प्रवाळांचा अहवाल आला, तर सदस्यांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत. जागा कोणी व कशा निवडल्या? किती ठिकाणे पाहिली? त्रुटी किती? मागील पाहणी याच रीतीने झाली होती काय? शाळांतूनही मैदानावर दोरीची चौकट टाकून गवताची अशी मोजणी शिकविता येईल. आकडा कसा आला, हे गावाला समजले, तरच त्यावर आधारलेला निर्णय गाव आपला मानील.