मुलांचा श्वास आणि आपली वाहने
(हीरक महोत्सवी पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी निकालांविषयी आणि गुणवंतांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. मी मात्र अशा एका गोष्टीविषयी बोलणार आहे, जी प्रगतिपुस्तकात दिसत नाही, हजेरीपटात मात्र दिसते. ती म्हणजे आपल्या मुलांचा श्वास. हिवाळा सुरू झाला की रजेच्या अर्जांत खोकला आणि दमा हे शब्द वारंवार येऊ लागतात. थंडीत जमिनीलगतची हवा वर चढत नाही. धूर आपल्यातच कोंडून राहतो.

उरला-सिलतरा पट्ट्यातील स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल आणि त्यांच्या मालाची ने-आण करणारे ट्रक यांच्यावर आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल पेटते. त्या श्रमांचा मला आदर आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत अतिसूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत दिल्ली, पाटणा आणि ग्वाल्हेर यांच्या पाठोपाठ रायपूरचे नाव होते. वार्षिक सरासरी होती घनमीटरमागे १३४ मायक्रोग्रॅम. आपल्या देशाने ठरवलेली मर्यादा आहे ४०. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही रायपूरचा समावेश करावा लागला.

आपण विचाराल, एवढ्या धुरांड्यांच्या गावात मोटारींविषयी कशाला बोलायचे? धुरांडे आकाशात धूर सोडते. मोटारीची नळी मात्र पहिलीतल्या मुलाच्या नाकाजवळ, तेही शाळा सुटण्याच्या नेमक्या घटकेला. शिवाय धुरांड्याची कळ आपल्या हाती नाही, गाडीची किल्ली आहे.

डिझेलच्या धुरातील काजळीचे कण इतके बारीक असतात की नाकातील केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात, त्यांतील सर्वांत सूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणूनच हा केवळ खोकल्याचा प्रश्न नाही. हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशीही त्याचा संबंध सिद्ध झाला आहे. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला निश्चित कर्करोगकारक ठरवले. त्याच धुरातील नायट्रोजनचे ऑक्साइड दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आणखी आवळतात. मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा अधिक हवा आत घेते आणि त्याचे फुप्फुस अजून वाढत असते.

लंडनमध्ये रहदारीच्या रस्त्याजवळ राहणारी एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने गेली. डिसेंबर २०२० मध्ये तेथील न्यायाधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचे प्रदूषण नोंदवले. ज्या वयाची मुले आमच्या चौथीच्या वर्गात बसतात, त्याच वयाची ती होती.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात १९९४ ते २०११ या काळात शाळकरी मुलांच्या तीन पिढ्यांची फुप्फुसे मोजली गेली. जसजशी हवा स्वच्छ होत गेली, तसतशी पुढच्या मुलांची फुप्फुसे अधिक चांगली वाढली. आपल्या देशातही पाऊल पडले. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले आणि मुंबईच्या महापालिका शाळेत शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००२ साली वाहनांच्या इंधनासाठी टप्प्याटप्प्याने कठोर होत जाणारी मानके सुचवली. त्याच वाटेवर पुढे १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा मानक लागू झाले आणि डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली.

पण नियम कागदावर असतो आणि गाडी रस्त्यावर. २०१५ साली फोक्सवॅगनने चाचणीच्या वेळी धूर कमी दाखवणारी यंत्रणा जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत बसवल्याचे उघड झाले. आपल्याकडे डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत धुराचा दाटपणा मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजत नाहीत. नव्या गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, पण तो स्वच्छ होण्यासाठी चांगला तापावा लागतो. शाळा ते घर एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो तुंबतो. मग कोणी तरी तो काढून टाकण्याचा सल्ला देतो. तो सल्ला कृपा करून ऐकू नका.

आज शाळेच्या वतीने माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली पालकांना: फाटकापाशी थांबताना इंजिन बंद ठेवा. वैशाखाच्या उन्हात एसी बंद करणे कठीण आहे, हे मी जाणते. म्हणून शाळा सुटण्यापूर्वी अर्धा तास दर्शनी व्हरांडा पालकांसाठी उघडा राहील. तेथे पंखे आणि थंड पाणी असेल. दुसरी विनंती मुलांना ने-आण करणाऱ्या चालकांना: मुले बसल्यावरच गाडी सुरू करावी. तिसरी विनंती वाहतूक व्यवसायात नाव काढलेल्या माझ्या माजी विद्यार्थ्यांना. बाळांनो, तुमच्या ट्रकांचा फिल्टर जागेवर राहू द्या, युरियाच्या द्रावणाचा खर्च वाचवू नका. शाळेला बाके आणि संगणक देण्याची तुमची इच्छा मला ठाऊक आहे. हीही शाळेला दिलेली देणगीच आहे, असे मी समजेन.

साठ वर्षे या शाळेने मुलांना मराठीतून बोलायला, वाचायला, गायला शिकवले. या सगळ्यासाठी आधी छातीत श्वास लागतो. सोमवारी दुपारी शाळा सुटेल, तेव्हा मी स्वतः फाटकापाशी उभी असेन. तेथे इंजिनांचा आवाज नसावा, एवढीच माझी इच्छा आहे.