डेटा सेंटर आणि आपले आय.टी.आय.चे विद्यार्थी



ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात डेटा सेंटरच्या प्रचंड इमारती उभ्या राहिल्या आहेत. तेथे केवळ संगणकाचे पदवीधर लागतात, ही आपल्या पालकांची समजूत बरोबर नाही. तेथील वीज क्षणभरही खंडित होता कामा नये. बाहेरची वीज गेली की बॅटऱ्या भार उचलतात, तोवर डिझेल जनरेटर सुरू व्हावे लागतात. शीतयंत्रणा थांबली तर काही मिनिटांतच संगणक बंद पडण्याची पाळी येते. हे सारे सांभाळतो तो इलेक्ट्रिशियन आणि एअर कंडिशनिंगचा मेकॅनिक! हे दोन्ही अभ्यासक्रम दहावीनंतर दोन वर्षांचे आहेत. पुढे १९६१ च्या कायद्याखालील अप्रेंटिसशिप, तीही विद्यावेतनासह.

मालकांची तक्रार अशी की, तयार केलेला माणूस शेजारची कंपनी नाही तर आखात पळवून नेते. (आखाताविषयी आपल्या कोकणात मी काय सांगावे?) तक्रार खरी आहे. परंतु रात्रपाळ्या लांबलचक, नेमणूक ठेकेदाराची आणि बढतीची वाट बंद, अशा ठिकाणी तो थांबेल कशासाठी? म्हणून मुलाखतीस जाल तेव्हा पगाराबरोबर हेही विचारा : नेमणूकपत्र कोणाच्या सहीचे, आणि पुढील प्रशिक्षणाचा खर्च कोण करणार?