शहाण्याने कोणती पायरी चढावी?
(वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या घराघरांत ऐकू येते. तिचा मान राखूनच आम्ही दोन शब्द बोलणार आहोत. कारण तिच्या आडोशाने आपण पुष्कळसा अन्याय निमूटपणे गिळतो.

आमच्या धाकट्या भगिनी घरगुती डबे पुरवितात. त्यांच्या साऱ्या मागण्या मोबाइलवर येतात. नवा घेतलेला मोबाइल आठव्या महिन्यातच बंद पडला. वॉरंटी एक वर्षाची होती. दुरुस्ती केंद्रातील गृहस्थांनी तोंडीच सांगितले, "आत पाणी गेले आहे, वॉरंटी लागू नाही. सात हजार पडतील." वास्तविक फोनला पाण्याचा स्पर्शही झाला नव्हता. "जाऊ द्या दादा, कशाला तंटा?" असे म्हणून भगिनी पैसे काढू लागल्या. आम्ही त्यांस थांबविले.

प्रथम नकाराचे कारण आम्ही जॉबशीटवर लिहून मागितले व उघडलेल्या फोनची छायाचित्रे घेतली. पाणी लागताच लाल होणारी आतील खूणचिठ्ठी पांढरीच होती! मग बिल, वॉरंटीपत्र, जॉबशीट व छायाचित्रे जोडून विक्रेता आणि कंपनी या दोघांसही स्पीड पोस्टाने पत्र धाडले व १५ दिवसांची मुदत दिली. उत्तर न आल्यामुळे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविली. तीन आठवड्यांनी फोन विनामूल्य दुरुस्त होऊन आला. मधल्या काळात तुटलेली चार गिऱ्हाइके मात्र परत आली नाहीत.

एवढ्यानेही काम झाले नसते, तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार होतेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील द्यावाच लागतो असे नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल केली पाहिजे.

आमची विनंती एवढीच, की प्रत्येक घरी बिले व वॉरंटीपत्रे एका पाकिटात जपून ठेवावीत आणि तोंडी नकार कधीही स्वीकारू नये. यात भांडखोरपणा नाही. आपण मुकाट्याने पैसे मोजले, तर पुढच्या गरीब गिऱ्हाइकासही तोच खोटा नकार मिळतो. ही पायरी शहाण्याने अवश्य चढावी.