घर घेताना आणि घेतल्यावर
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी काही उपयोगाचे बोला, अशी मंडळाच्या चिटणीसबाईंची आज्ञा झाली. अलीकडे आपल्यापैकी पुष्कळ घरांतून एकच बोलणे ऐकू येते. मुलाचे लग्न ठरते आहे, भाड्याची जागा पुरत नाही, आता स्वतःचे घर पाहिले पाहिजे. तेव्हा त्याविषयीच सांगावे असे ठरविले. मी वकील नाही आणि इंजिनियरही नाही. आमच्या गृहनिर्माण संस्थेची बारा वर्षे चिटणीस म्हणून कागद हाताळले आणि गळक्या छतांची गाऱ्हाणी ऐकली, एवढाच माझा अधिकार.

घर पाहावयास गेलो म्हणजे आपण ओटा केवढा आहे ते पाहतो, देवघराला कोपरा आहे का, कपडे वाळत कोठे घालावयाचे, ते पाहतो. हे पाहिलेच पाहिजे. त्या घरात दिवसाचे अधिक तास आपणच काढावयाचे असतात. परंतु कागदांची गोष्ट निघाली की आपण चहा करावयास आत जातो. मेथीची जुडी उलटीपालटी करून घेणारी बाई पन्नास-साठ पानांच्या करारावर, जेथे पेन्सिलीने फुली केली असेल तेथे, न वाचता सही करते. आज मला मुख्यतः या सहीविषयीच बोलावयाचे आहे.

रेरा या नावाने ओळखला जाणारा कायदा 2016 साली झाला आणि 2017 पासून महाराष्ट्रात त्यासाठी महारेरा हे प्राधिकरण काम करू लागले. नव्या इमारतीतले घर घ्यावयाचे असेल तर तिचा महारेरा नोंदणी क्रमांक प्रथम मागावा. तो क्रमांक मोबाईलवर घातला की मंजूर नकाशे, काम पुरे करण्याची कबूल केलेली तारीख, चालू असलेले दावे, हे सारे दिसते. आपल्याला जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या नातीला बसवावे. पण शेजारी आपणही बसावे. दुसरे असे की, करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. "आज पैसे भरा, उद्या भाव चढेल" असे म्हणणारा भेटला तर हे त्याला शांतपणे सांगावे.

क्षेत्रफळाचेही असेच आहे. जिना, लिफ्ट, व्हरांडा यांचा वाटा मिळवून मोठा आकडा सांगण्याची चाल जुनी आहे. आपण फक्त चटई क्षेत्र, म्हणजे कार्पेट एरिया, विचारावे. त्यात घरातल्या आतल्या भिंती धरतात. बाहेरची भिंत आणि गॅलरी धरीत नाहीत. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावाचून राहावयास जाऊ नये. "सगळे राहतात की!" हे काही उत्तर नव्हे. पुढे घर विकताना किंवा त्यावर कर्ज काढताना तो कागद मागितला जातो, आणि तेव्हा बिल्डर कोठे असेल ते कोणी सांगावे! जुने घर घेत असाल तर आधीच्या प्रत्येक खरेदीचे नोंदलेले करार, भागपत्र आणि संस्थेची बाकी नसल्याचा दाखला पाहावा.

आता पैशांविषयी. तीस लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी काढले तर महिन्याचा हप्ता सुमारे 27 हजार पडतो आणि एकूण जवळजवळ 65 लाख फेडावे लागतात. तेच पंधरा वर्षांत फेडावयाचे ठरविले तर हप्ता साडेतीन हजारांनी वाढतो, पण एकूण दहा लाख वाचतात. हे गणित बँकेत जाण्यापूर्वी घरी मांडावे. शिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी, संस्थेची वर्गणी, ग्रिल, पंखे हे सारे निराळे. सगळी पुंजी किमतीतच घालणारे कुटुंब पहिल्या पावसाळ्यातच उसनवारीला लागते, हे मी पाहिले आहे.

आणि नाव कोणाचे? घर केवळ स्त्रीच्या नावाने घेतले तर महाराष्ट्रात 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पन्नास लाखांवर पन्नास हजार वाचतात. पतीचे नाव जोडीला असेल तर ही सवलत मिळत नाही. परंतु सवलतीसाठी नाव लावले आणि कागद दुसऱ्याच्या कपाटात राहिले, तर त्या नावाला काय अर्थ? आणखी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. संस्थेच्या फॉर्मात नामनिर्देशन केले म्हणजे ती व्यक्ती मालक झाली, असे नव्हे; ती केवळ वारसांच्या वतीने सांभाळणारी असते. म्हणून मृत्युपत्र निराळे करावे. हा विषय घरात काढणे अशुभ मानतात. मला मात्र भावाभावांतील कोर्टकचेरी अधिक अशुभ वाटते.

ताबा मिळाल्याची तारीख वहीत लिहून ठेवा. पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष निघाला तर तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणे बिल्डरवर बंधनकारक आहे. मात्र तक्रार लेखी करावी आणि पोच घ्यावी.

घराचा खरा शत्रू पाणी. न्हाणीच्या फरशीच्या सांध्यांतून ते झिरपते, आतल्या लोखंडी सळ्यांना गंज चढतो, गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. आपण त्यावर रंग देऊन मोकळे होतो! ओल कोठून येते हे शोधल्याशिवाय रंगाऱ्याला बोलावू नये. भिंतीत पिंपळाचे रोप दिसले तर नुसते कापून चालत नाही. मूळ काढावे लागते. आणि हौसेसाठी खांब, तुळई फोडू नये. ती एकट्या आपली नसते.

दरमहा येणाऱ्या बिलात सिंकिंग फंड नावाची रक्कम असते. उपविधींप्रमाणे ती बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का असावी. ती कमी करा म्हणून सभेत ओरडा होतो. इमारत जुनी झाली की त्याच मंडळींना एकदम लाख-लाख भरावे लागतात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी इमारतीची तपासणी करून घ्यावयाची असते. आपल्या इमारतीची केव्हा झाली, हे वार्षिक सभेत विचारा. सभेला पुरुषांनीच जावे असे कोठेही लिहिलेले नाही.

यंदा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या इमारतीची गच्ची धुऊन पाणी कोणीकडे वाहते, कोठे साचते, ते आम्ही पाहणार आहोत. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी सकाळी आठ वाजता यावे. चहा मी करीन.