जुन्या मोटारीचें बळ आणि नव्या मोटारीचें कौशल्य

रत्नागिरीहून समुद्राच्या कडेनें गणपतीपुळ्यास जाणारा रस्ता आरे गांवापुढें डोंगर चढूं लागतो. एका अंगास जांभ्या दगडाची दरड; दुसऱ्या अंगास खालीं सुरूचें बन आणि त्यापलीकडे आरे व वारे या दोन किनाऱ्यांच्या पांढऱ्या कडा. मधून रस्ता वळसे घेत जातो, आणि समुद्र पाहण्यासाठीं थांबलेलीं माणसें त्याच्या कडेला उभीं असतात. जुनी मोटार श्रेष्ठ कीं नवी, हा मोटारशौकिनांचा आवडता वाद. त्याचा निकाल लावण्यास याहून योग्य जागा क्वचितच सांपडेल.

जुन्या पक्षाचा अभिमान मुख्यतः अमेरिकन 'मसल कार'चा, म्हणजे पहिलवानी मोटारीचा असतो. पाँटिॲक कंपनीनें १९६४ सालीं जीटीओ नांवाची गाडी काढली, तेव्हांपासून त्या प्रकाराला बहर आला. मध्यम आकाराच्या गाडींत थोरल्या गाडीचें इंजिन बसवावयाचें, एवढीच त्यामागील कल्पना. आठ सिलिंडर, ६.४ लिटरचें इंजिन आणि ३२५ अश्वशक्ति! अमेरिकन मोटारी महाराष्ट्राला नवख्या नव्हत्या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यानें क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें डॉज व प्लिमथ गाड्या मुंबईंत जोडल्या होत्या. परंतु पुढें आयातीवरील निर्बंधांमुळें या पहिलवान मोटारी इकडे फारशा आल्या नाहींत. त्यांची कीर्ति मात्र चित्रपटांतून येऊन पोहोंचली.

त्या कीर्तींतील आंकडे थोडे पारखून घेतले पाहिजेत. ती ३२५ अश्वशक्ति इंजिन गाडीबाहेर ठेवून, पंखा, सायलेन्सर इत्यादि नेहमींचें ओझें उतरवून मोजलेली होती. १९७२ पासून अमेरिकन कारखानदार गाडींत बसविलेल्या इंजिनाची निव्वळ शक्ति सांगूं लागले, तेव्हां कागदावरील आंकडे एकाएकीं खालीं आले. उलट २०१६ सालीं आलेल्या पोर्श ७१८ केमनचें अवघें दोन लिटरचें, चार सिलिंडरांचें इंजिन निव्वळ ३०० अश्वशक्ति देतें. बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोतावर चक्र फिरवून अधिक हवा इंजिनांत कोंबावयाची, ही त्यांतील युक्ति. तरीसुद्धां ताशीं शंभर किलोमीटरचा वेग गांठण्यास जुनीला सुमारें सहा-सात सेकंद लागत आणि नवीला पांच लागतात. सरळ रस्त्यावर अर्ध्या शतकाची कमाई ती एवढीच!

खरा फरक वळणावर दिसतो. मूळच्या जीटीओच्या चारही चाकांना ड्रमचे ब्रेक होते. उतारावर ते वारंवार दाबले कीं ड्रम तापतो आणि पकड ढिली पडते. मागचीं दोन चाकें एकाच ताठ आंसाला जखडलेलीं असल्यामुळें एक चाक खड्ड्यांत गेलें कीं दुसऱ्याचाही तोल बिघडे. नव्या गाडीचीं चाकें स्वतंत्रपणें रस्ता चाचपतात. तिला डिस्क ब्रेक व रेडियल टायर असतात. ब्रेक दाबतांना चाक जखडूं न देणारी व्यवस्था मर्सिडीजनें १९७८ सालीं बाजारांत आणली. भारतांत २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची झाली.

आतां हिशेब मांडावा. तीस मीटर त्रिज्येचें एक सपाट वळण धरूं. जुन्या टायरची पकड ०.७ व नव्याची १.० मानली, तर जुनी गाडी तें वळण जास्तींत जास्त ताशीं ५२ किलोमीटरनें घेईल आणि नवी ६२ नें. लाभ अवघ्या दहा किलोमीटरांचा. पावसाळ्यांत तांबडा चिखल रस्त्यावर वाहून आला आणि पकड ०.४ वर उतरली, तर ती मर्यादा ३९ वर येते. गाडी कोणत्या कारखान्याची आहे हें चिखल विचारीत नाहीं.

थांबण्याचा हिशेब याहून कठोर आहे. वळणापलीकडे मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असें मानूं. ताशीं ६० किलोमीटरनें जाणारी जुनी गाडी तेवढ्यांत १७ मीटर पुढें जाते व आणखी २० मीटरांत थांबते, एकूण ३७. नव्या गाडीचा चालक ब्रेकच्या भरंवशावर ९० नें येत असेल, तर त्या सेकंदांत २५ मीटर जातात आणि थांबण्यास आणखी ३२ लागतात, एकूण ५७. वेग दीडपट झाला कीं ब्रेकचें अंतर सव्वादोनपट होतें, हा नियम कोणत्याही कारखान्यानें बदललेला नाहीं.

एक गोष्ट जुन्या गाडीच्या बाजूनें अवश्य सांगितली पाहिजे. ती आपली मर्यादा लपवीत नसे. टायर किंचाळत, अंग कलंडे, सुकाणूं हातांत जड होई, आणि चालक सावध होई. नवी गाडी मर्यादेजवळ येईपर्यंत शांत असते. तिच्यांत बसलेल्यास ९० चा वेग ६० सारखा भासतो. तिचें हें कौशल्य चालकानें संकटकाळासाठीं राखून ठेवलें तर तें त्याचें कवच होय. रोजच्या घाईंत खर्चून टाकलें तर संकटाच्या वेळीं हाताशीं कांहींच उरत नाहीं.

तात्पर्य, यंत्राच्या कसोटींत नवी मोटार निर्विवाद श्रेष्ठ आहे. पण गेल्या साठ वर्षांत माणसाच्या डोळ्यापासून पायापर्यंतचें अंतर तसूभरही कमी झालेलें नाहीं. आरे-वारेच्या वळणावर समुद्राकडे तोंड करून उभें असलेलें मूल मागून येणाऱ्या गाडीची अश्वशक्ति जाणत नाहीं. त्याची सारी भिस्त चालकानें आधींच कमी केलेल्या वेगावर असते.