गावाचा नकाशा, गावाच्या भाषेत
(पेडणे, डिचोली आणि दोडामार्ग भागातल्या तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण सीमेवरची माणसं. सीमा म्हटलं की आपल्याला नकाशा आठवतो. दोन राज्यांच्या मधली रेघ कोणी, कधी आणि कोणाला विचारून काढली, यावर आपण तासन् तास बोलू शकतो. पण आज मला दुसऱ्या रेघांबद्दल बोलायचं आहे. तुमच्या वाड्यावर, शेतावर, सड्यावर रंग भरणाऱ्या रेघा. कुठे वस्ती, कुठे शेती, कुठे रिसॉर्ट, कुठे खाण, हे त्या रेघा ठरवतात. आणि त्यांच्याकडे आपलं लक्षच नसतं.

आधी पंचायतीच्या हातात काय आहे ते बघू. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली. अकराव्या अनुसूचीत 29 विषय आले: शेती, पाणी, रस्ते, घरं, आरोग्य. आर्थिक विकास आणि सामाजिक न्यायाचे आराखडे पंचायतीने करावेत, हे संविधानात लिहिलं आहे. गोव्याचा पंचायत राज कायदा 1994 चा. त्याच्या कलम 66 प्रमाणे बांधकाम परवाना पंचायत देते. ऐकायला छान वाटतं. पण त्या जमिनीचा झोन कोणता, हे पंचायत ठरवत नाही. ते नगर नियोजन खातं ठरवतं. म्हणजे घराला परवाना द्यायचा आपण, पण तिथे घर असावं की भातशेती राहावी, हे पणजीत ठरणार.

असं कायमच होतं का? नाही. 2006 मध्ये गोव्याचा प्रादेशिक आराखडा 2011 आला. डोंगर आणि शेतं वस्तीत दाखवली गेल्यावर लोक रस्त्यावर उतरले आणि जानेवारी 2007 मध्ये तो रद्द झाला. मग प्रादेशिक आराखडा 2021 चं काम सुरू झालं. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कार्यदलाने मसुदा केला आणि तो पंचायतींकडे पाठवला. गावागावांत समित्या बसल्या, सर्व्हे नंबर तपासले, सूचना लिहिल्या. सगळंच आदर्श झालं असं मी म्हणत नाही. पण गावकऱ्याने स्वतःच्या गावाचा नकाशा हातात धरला, ही मोठी गोष्ट होती. 2012 मध्ये तो आराखडा स्थगित झाला, 2018 मध्ये पुन्हा लागू झाला.

आणि मग मागच्या दाराने बदल सुरू झाले. नगर नियोजन कायद्यात 2018 ला कलम 16ब आलं, 2023 ला 17(2), 2024 ला 39अ. भाषा वेगवेगळी, पण परिणाम एकच: अख्ख्या गावाचा विचार न करता एकेका प्लॉटचा झोन बदलायचा. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 17(2) खालचे नियम रद्द केले. न्यायालयात लढलेल्यांचे आभार मानूया. पण प्रत्येक सर्व्हे नंबरसाठी आपण कोर्टात जाणार का?

पेडण्याचंच बघा. मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला, 5 जानेवारी 2023 पासून विमानं उडायला लागली. लगेच जमिनीचे भाव चढले. 2023 मध्येच पेडणे तालुक्याच्या झोनिंग आराखड्याचा मसुदा समोर आला. लोक आणि लोकप्रतिनिधी विरोधात उभे राहिले, आणि सरकारला तो थांबवावा लागला. आपण जिंकलो. पण मी विचारतो, त्या दिवशी आपल्या एका तरी गावाकडे स्वतःचा पर्यायी नकाशा तयार होता का? "हे नको" हे आपण जोरात सांगतो. "मग काय हवं" असं विचारलं की आपण एकमेकांकडे बघतो.

डिचोलीत गोष्ट वेगळी, पण मूळ तेच. डिसेंबर 2022 मध्ये लिलाव झालेल्या खनिज ब्लॉकवर 2024 मध्ये काम सुरू झालं, आणि घरं, देवळं, तळी, शेती लीजमधून वगळा अशी मागणी मुळगावच्या लोकांना करावी लागली. आधी घर होतं, देऊळ होतं. लीजची रेघ नंतर आली. खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की पाणी पंपाने उपसावं लागतं, आणि आजूबाजूच्या विहिरी उतरतात. शिरगावच्या माणसांना हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. तरीही खाणीवर ट्रक चालवणारा, गॅरेज चालवणारा पोरगाही आपलाच. त्याच्या पोटाचा विचार न करणारा आराखडा टिकत नाही, हेही तितकंच खरं.

मग सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर: पाण्यापासून. रंगांपासून नको.

हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पाऊस मोजते, पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पीक ठरवते. आपल्याकडे पाऊस कितीतरी पट जास्त, पण एप्रिल आला की टँकर. कारण आपलं पाणी जांभ्या दगडाच्या सड्यात मुरतं आणि पायथ्याला झरीतून बाहेर येतं. सड्यावर काँक्रीट झालं की खालची झर आटते, आणि झरीवरचं कुळागर सुकतं. म्हणून सडा "पडीक" नाही, ती आपली टाकी आहे.

दुसरं पाणी तिळारीचं. धरण दोडामार्गात, प्रकल्प दोन राज्यांचा. कालवा फुटला की पेडणे, बार्देश, डिचोलीत नळ कोरडे. आणि याच तिळारीच्या लाभक्षेत्रातली धारगळची तीन लाखांहून जास्त चौरस मीटर जमीन रिसॉर्टसाठी लाभक्षेत्रातून वगळली गेली. सरकारी पैशाने कालवा आणायचा आणि पाणी पोचणारी जमीनच शेतीतून काढायची, याला नियोजन कसं म्हणायचं?

आता काम. चार गोष्टी सांगतो, सगळ्या आजच्या कायद्यात बसणाऱ्या.

एक, प्रत्येक गावाने आपली झर, तळी, व्हाळ, विहिरी सर्व्हे नंबरसकट नकाशावर मांडाव्यात. मोबाईल सगळ्यांकडे आहे. कुठली झर कुठल्या महिन्यात आटते हे आजीला माहीत आहे. दोघांना एकत्र बसवा.

दोन, जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे प्रत्येक पंचायतीत आणि नगरपालिकेत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही हवी. तुमच्या पंचायतीत जाऊन ती वही मागा. कपाटात असेल तर उघडा, नसेल तर लिहायला बसा.

तीन, ग्रामपंचायत विकास आराखडा. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतीच्या अनुदानाचा मोठा वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवला. तो गटाराच्या लाद्यांवर संपवायचा की झर साफ करण्यावर, हे ग्रामसभेत ठरतं. ग्रामसभा रविवारी असते. क्रिकेट संध्याकाळी ठेवा. ठराव झाला की तो इतिवृत्तात नीट लिहिला का, ते वाचून बघा.

चार, भाषा. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद आहे. तरी झोनिंगचे मसुदे, पर्यावरण अहवाल, नोटिसा बहुतेक इंग्रजीत. हरकतीची मुदत संपते तोवर शेतकऱ्याला कळतही नाही की त्याच्या शेताचा रंग बदलला. मराठीचा हक्क फक्त पाटीपुरता नको. जो आराखडा गावाला वाचता येत नाही, त्यावर गावाची संमती आहे असं कोणी कसं म्हणेल? मराठीत आणि कोंकणीत मसुदा द्या, त्यानंतर मुदत मोजायला सुरू करा, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेत घ्या.

आणि दोडामार्ग, सावंतवाडीच्या मित्रांनो, हे तुमचंही आहे. सकाळी तुम्ही बाईकवरून गोव्यात कामाला येता, तिळारीचं पाणीही तिकडूनच येतं. आराखडे मात्र पत्रादेवीच्या नाक्यावर थांबतात. दोन्हीकडच्या ग्रामसभांनी तिळारीवर सारखाच ठराव केला, तर दोन्ही सरकारांना तो बाजूला ठेवणं जड जाईल.

आपल्यावरच्या मोठ्या रेघा दुसऱ्यांनी काढल्या. आपल्या झरीभोवतीची रेघ तरी आपण काढूया. पुढच्या ग्रामसभेला जाताना एक कागद, एक पेन आणि घरचा फॉर्म एक-चौदा सोबत घ्या. दोडामार्गवाल्यांनी सातबारा.