भांडवल कुणाचं घ्यायचं?



आमच्या महिला मंडळाचा मसाला आता वस्तीबाहेरही जातो. स्वतःचं कांडपयंत्र हवंय. एक व्यापारी पैसे द्यायला तयार आहेत, पण त्यांना निम्मी भागीदारी पाहिजे. उद्या ते म्हणाले, बायका कमी करा, तर? ज्यांच्या चुली या कामावर पेटतात त्यांच्यासाठीच तर आम्ही हा धंदा काढला!

म्हणून आम्ही 'लिज्जत'कडे पाहिले. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरविले. (विहाराला दान देणे वेगळे, धंद्यासाठी दान मागणे वेगळे.) 1966 मध्ये संस्थेची नोंदणी झाली, खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता व खेळते भांडवल मिळाले. तरीही मालकी लाटणाऱ्या भगिनींचीच राहिली, नफा-तोटाही त्यांचाच. आमच्या ध्यानात आले ते हेच, की कर्ज फेडून मोकळे होता येते, भागीदार मात्र कायमचा घरात येतो.

तेव्हा निम्मी रक्कम आपल्या भिशीतून, उरलेली बँकेकडून, असे आम्ही ठरविले आहे. यंत्र लहान येईल, गिऱ्हाईकाला थांबावे लागेल. हप्ता थकला तर काय, असे एका मावशींनी बैठकीत विचारले. प्रश्न रास्त होता. तीन हप्त्यांचे पैसे बाजूला पडल्याशिवाय यंत्र आणायचे नाही, आणि हिशेबाची वही दर पौर्णिमेला इथेच सर्वांपुढे उघडायची. पहिली वही येत्या पौर्णिमेला आणतो आहोत.